आप्पांची दुरुस्ती

आप्पांच्या हाताखालून गेलेली वस्तू पुन्हा कुरकुरत नाही, असं आप्पा स्वतःच सांगत. दुसरं कुणी सांगायच्या आत सांगत. कारखान्याच्या देखभाल खात्यात फोरमन म्हणून त्यांची उभी हयात गेली होती आणि तिथली यंत्रं आपल्याला वचकून असत, असा त्यांचा दावा होता. "यंत्र लबाड असतं," ते म्हणत, "पण माझ्या हातात पाना पाहिला की वठणीवर येतं."

कारखान्यात हे सगळं ठीक होतं. पंचाईत झाली ती आप्पा निवृत्त झाल्यावर. यंत्रं सुटली आणि घर सापडलं.

पहिल्याच महिन्यात त्यांनी घरातलं होतं नव्हतं ते दुरुस्त करून टाकलं. दरवाजे इतके बिनबोभाट मिटायला लागले की कोण आलं, कोण गेलं, कुणाला पत्ता लागेना. कपाटाचे खण नुसतं बोट लावलं की धाडकन पोटावर येऊन आदळत. कुकरची शिट्टी कर्कश वाजते म्हणून त्यांनी तिच्यात अशी काही सुधारणा केली की ती वाजायची सोडून नुसता सुस्कारा टाकायला लागली. तेव्हापासून माई, म्हणजे आप्पांची बायको, स्वयंपाक करताना शेगडीकडे कान लावून उभ्या राहत.

एकच वस्तू या तडाख्यातून सुटली होती, ती म्हणजे आप्पांची स्वतःची चप्पल. उजव्या पायातली चप्पल पावलागणिक कुर्र करी. माईंनी टोकलं की आप्पा मान उडवत. "चामड्यात मी हात घालत नाही. माझं काम लोखंडलाकडाचं."

"दिव्याखाली अंधार," माई म्हणत आणि पुन्हा शेगडीकडे कान लावत.

घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा आप्पा माणसांकडे बघायला लागले. माई कांदा चुकीचा चिरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. सून केस विंचरताना कंगवा उलटा धरते, हेही आलं. तेव्हा मात्र माईंनी सुनेला बाजूला घेतलं. "हे बघ, तुझ्या केंद्रात काहीतरी मोडलेलं असेलच की. यांना घेऊन जा. नाहीतर माझं डोकं मोडेल."

सूनबाई बालक-पालक केंद्र चालवत असे. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागे पाण्याची टाकी, एवढाच पसारा. पण सकाळी तिथे रांगत्यापासून ते नुकत्याच बोलू लागलेल्यापर्यंत सगळी पोरं जमत. एका खोलीत ती खेळत, दुसऱ्या खोलीत त्यांच्या आया आणि एखाददुसरा बाप चहा घेत बसत आणि रात्रभर कोण कसं रडलं, कुणी जेवताना थुंकलं, कुणाची नोकरी जायची वेळ आली, हे एकमेकांना सांगून मोकळे होत. आठवड्यातून एकदा नर्स येऊन वजनं घेई. कुणाला खेळणी घरी न्यायची असली तर नेता येत. आप्पांची नात भिंगरी, वय वर्षं तीन, हीही तिथेच जाई. तिला चालता येत नसे, फक्त पळता येई. आणि दिसेल त्याची चप्पल पायात घालून पळायचं, हा तिचा छंद होता.

पण यंदा केंद्राचं काही खरं नव्हतं. केंद्राला जागा देणाऱ्या मंडळाला त्या दोन खोल्यांत कचेरी थाटायची होती. सोमवारी मंडळाकडून दोघं पाहायला येणार होते. त्यांना पटलं तर केंद्र राहणार, नाही पटलं तर गाशा गुंडाळायचा. सूनबाई आठवडाभर गप्प होती. जेवताना गप्प, चहा घेताना गप्प. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे घरात बोलणारी ती एकटीच, आणि ती गप्प बसली की आप्पांना मुळीच करमत नसे. या पोरीसाठी काहीतरी करायला हवं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. सगळे घोटाळे मनापासूनच होतात.

"न्हाणीघरातला नळ गळतोय," शनिवारी सूनबाई म्हणाली. "तेवढा उद्या बघाल का, आप्पा?"

"किल्ली ठेव."

"फक्त नळ हं."

"फक्त नळ," आप्पांनी शब्द दिला.

रविवारी आप्पा हत्यारांची पेटी घेऊन केंद्रात गेले. नळ तर पेटीचं झाकण उघडायच्या आत दुरुस्त झाला म्हणायचा. तिथेच घात झाला. हातात पाना, समोर अख्खा रविवार आणि आजूबाजूला कुणी नाही. आप्पांनी मुलांच्या खोलीत सहज डोकावलं आणि ते दारातच थबकले.

काय ती अवस्था! दाराला कमरेएवढं फाटक होतं, ते उघडताना असं कुरकुरलं की आप्पांच्या दातांतून कळ गेली. कडी तर इतकी जाम, की त्यांनाही दोन्ही हात लावावे लागले. आत एक फळी होती, ती खालून गोलसर होती आणि पाय ठेवला की डुलत होती. एका तक्त्यावर नाना तऱ्हेच्या कड्या, खिट्या आणि बोल्ट ठोकले होते, आणि त्यातलं एक धड सरकेल तर शपथ. आरसा बसवणाऱ्यानं तो भिंतीवर लावायच्या ऐवजी जमिनीला टेकवून ठोकला होता. पिशव्या अडकवायच्या खुंट्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. आणि खोलीच्या मधोमध लाकडी पायवाट, तिच्यावर कुठे वाळू चिकटलेली, कुठे गोटे, कुठे काथ्या, कुठे झाडाची साल.

"अरेरे," आप्पा एकटेच म्हणाले. "हे पाहून कोण केंद्र चालू ठेवील?"

सुनेच्या गप्प बसण्याचं कारण त्यांना एकदम उमगलं. बिचारीला लाज वाटत असणार. सांगणार कुणाला? सासऱ्याला कसं सांगणार? म्हणून नुसतं नळाचं नाव काढलं.

आप्पांनी बाह्या सरसावल्या.

आप्पांनी ते केंद्र कधी भरलेलं पाहिलं नव्हतं, हे इथे सांगून ठेवायला हवं. मुलांविना ते केंद्र म्हणजे त्यांना एक बिघडलेला कारखानाच वाटला, आणि बिघडलेल्या कारखान्याचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. माई दुपारी डबा घेऊन आल्या, तेव्हा आप्पांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "नळ जरा अवघड निघाला," ते म्हणाले. त्यांच्या नाकावर हिरवा रंग होता. माईंनी तो पाहिला, पण घरी शांतता होती आणि माईंना ती आणखी थोडा वेळ हवी होती.

सोमवारी सकाळी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून सुनेच्या आधी तयार. बरोबर माई आणि भिंगरी. "तुम्ही कशाला?" सूनबाईनं विचारलं. "असंच," आप्पा म्हणाले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. वाटभर त्यांची चप्पल कुर्र कुर्र करत होती आणि आप्पा मनातल्या मनात सुनेचा आनंदी चेहरा बघत होते.

पाहुणे दारातच भेटले. एक चष्मेवाल्या बाई, हसऱ्या पण कमी बोलणाऱ्या, आणि एक साहेब, कडक इस्त्रीचे, ज्यांनी बूट काढल्यावर आतून दुधासारखे पांढरे मोजे निघाले. मुलं सांभाळणाऱ्या मावशी पोरांना घेऊन आल्या. सगळ्यांनी चपला व्हरांड्यात काढल्या. सूनबाईनं फाटकाची कडी ओढायला जोर लावला, तो ती आपसूक सुटली आणि फाटक मुकाट्यानं उघडलं. सूनबाई तोल जाऊन आत गेली.

तिनं खोली पाहिली. मग तिनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी डोळे मिचकावले.

"छान रंग दिलाय," साहेब म्हणाले. "दाखवा काय काय आहे ते."

आता पाहुण्यांसमोर ती काय करणार? तिनं घसा साफ केला. "इथे मुलं आपली पिशवी आपणच अडकवतात. स्वतःचं काम स्वतः करण्याची सवय..." एवढ्यात भिंगरी आपली पिशवी घेऊन खुंटीकडे गेली. खुंटी गेली होती वर, साहेबांच्या खांद्याच्या रेषेत. भिंगरीनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि जवळ उभ्या असलेल्या साहेबांच्या हातात पिशवी अडकवली. तिचं पाहून बाकीच्यांनीही अडकवल्या. साहेब क्षणात पिशव्यांनी लगडले.

"आणि ही डुलती फळी," सूनबाई घाईनं म्हणाली. "हिच्यावर उभं राहून मुलं तोल सांभाळायला शिकतात."

चष्मेवाल्या बाई फळीवर चढल्या. फळी हलली नाही. आप्पांनी तिला चारही कोपऱ्यांना पट्ट्या मारून जमिनीशी जखडलं होतं. भूकंप झाला असता तर इमारत पडली असती, फळी राहिली असती. बाई थोडा वेळ तोल सांभाळायची वाट बघत उभ्या राहिल्या आणि उतरल्या.

"हा कड्यांचा तक्ता. जाम कड्या ओढून मुलांच्या बोटांत जोर येतो. पुढे पेन्सिल धरायला..." सूनबाईनं तक्त्याला हात लावला मात्र, सगळ्या कड्या खळकन एकदम खाली आल्या. तेल पाजताना आप्पांनी हात आखडता घेतला नव्हता. त्यांची मान आता हळूहळू खांद्यांत जायला लागली होती. डुलती फळी डुलण्यासाठी असते आणि जाम कडी जाम राहण्यासाठी, हे त्यांच्या कारखान्यात कुणी कधी बोललं नव्हतं.

"ही पायवाट," सूनबाईचा आवाज आता बारीक झाला होता. "अनवाणी चालून वेगवेगळे स्पर्श..."

"पाहू," म्हणत पिशव्यांसकट साहेब पायवाटेवर चढले.

गोटे, वाळू, काथ्या, साल, सगळं आप्पांनी खरवडून काढलं होतं. वर कानशी, पॉलिशपेपर आणि हिरव्या तैलरंगाचे दोन हात. रंग उत्तम प्रतीचा होता. फक्त वाळला नव्हता. साहेबांनी पाऊल उचललं तर पाय वर आला आणि मोजा खालीच राहिला.

"आप्पा," सूनबाई दात आवळून म्हणाली, "रंग ओला आहे."

"दुसरा हात संध्याकाळी दिला ना," आप्पा पुटपुटले.

साहेब हिरवे झाले म्हटल्यावर पोरांना कोण अडवणार? सगळी पायवाटेवर धावली आणि तिथून जमिनीवर, भिंतीवर, एकमेकांच्या पाठीवर हिरवी पावलं उमटवत सुटली. मावशी चिंधी घेऊन धावल्या. सूनबाई रॉकेल शोधायला गेली. साहेब एका पायावर उड्या मारत न्हाणीघराकडे निघाले. तेवढ्यात गोट्या रडला.

गोट्या हे केंद्रातलं सगळ्यात लहान मूल. अजून रांगतच होता. रोज सकाळी आल्याबरोबर तो जमिनीलगतच्या आरशाकडे रांगत जाई आणि आतल्या गोट्याच्या हातावर हात ठेवून त्याच्याशी बराच वेळ काहीतरी बोले. आज तो तसाच रांगत गेला, तर तिथे नुसती भिंत. आरसा वर गेला होता, आप्पांना दाढी करायला सोयीच्या उंचीला. गोट्यानं भिंतीवर हात ठेवला. तो इकडे सरकला, तिकडे सरकला. मग मागे वळून त्यानं सगळ्यांकडे असं पाहिलं, की याला तुम्ही कुठे नेलंत? खालचा ओठ बाहेर आला आणि त्यानं मोठ्ठा सूर लावला. फळीचं ठीक आहे, कड्यांचं ठीक आहे, पण लेकराचा दोस्त आपण पळवला, हे आप्पांना फार लागलं.

मावशींनी गोट्याला उचललं आणि सवयीनं मुलांवरून नजर फिरवली. त्यांचा चेहरा बदलला.

"भिंगरी कुठंय?"

भिंगरी खोलीत नव्हती. दुसऱ्या खोलीत, आयांमध्येही नव्हती. फाटक मात्र सताड उघडं होतं. ते उघडल्याचं कुणालाच ऐकू आलं नव्हतं, आणि येणारही नव्हतं. ती व्यवस्था आप्पांनीच केली होती.

"ते फाटक मुद्दाम कुरकुरतं ठेवलं होतं," सूनबाई म्हणाली. हातातली रॉकेलची बाटली खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं. "पोर दाराशी गेलं की आवाज येतो. कडी मुलांना ओढता येऊ नये म्हणून जाम ठेवली होती. बाहेर रस्ता आहे, आप्पा."

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना काय करावं ते सुचेना. माई रस्त्याकडे धावल्या, त्यांच्यामागे दोघी आया. आप्पा अनवाणीच व्हरांड्यात आले, चपलांसाठी खाली वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. त्यांच्या चपला जागेवर नव्हत्या.

"गप्प," ते एकदम म्हणाले. "सगळे गप्प राहा."

त्यांचा फोरमनचा आवाज बऱ्याच दिवसांनी निघाला होता. व्हरांडा चिडीचूप झाला. गोट्यासुद्धा थांबला.

कुर्र.

थोडं थांबून पुन्हा, कुर्र.

आवाज इमारतीच्या मागून, टाकीकडून येत होता. आप्पा धावले. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, ते असे धावले की सूनबाई मागे पडली. टाकीच्या कडेनं भिंत धरून भिंगरी चालली होती. पायांत आजोबांच्या चपला, गुडघ्यांपर्यंत हिरवा रंग, चेहऱ्यावर कामाची घाई.

"मी ऑफिसला चाल्ले," ती म्हणाली. "आजोबा, तू नको येऊ."

आप्पांनी तिला उचलून छातीशी धरलं. इस्त्रीचा सदरा हिरवा झाला. माई धापा टाकत आल्या, त्यांनी नातीला पाहिलं, मग चपलेला पाहिलं. एरवी बोलायला हे केवढं मोठं निमित्त होतं. पण माईंनी नुसतं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला.

सगळे परत आत आले. सूनबाई खाली मान घालून उभी राहिली. आता निकाल ऐकायचा, एवढंच उरलं होतं.

"चूक माझी आहे," आप्पा म्हणाले. "हिला यातलं काही ठाऊक नव्हतं. हिनं मला फक्त नळ सांगितला होता."

"नळ गळत नाहीये आता," साहेब न्हाणीघरातून एक पाय धुऊन येत म्हणाले. एवढंच कौतुक आप्पांच्या वाट्याला आलं.

चष्मेवाल्या बाई त्या अचल फळीवर बसल्या. "आम्ही पुष्कळ केंद्रं पाहतो," त्या म्हणाल्या. "सगळीकडे वस्तू दाखवतात आणि तिचा उपयोग सांगतात. आम्ही मान डोलावतो आणि विसरून जातो. एखादी वस्तू काढून घेतली तर मुलांचं काय होतं, हे आज पाहिलं. तो आरशापाशी गेलेला लहानगा मी विसरणार नाही." मग त्या आप्पांकडे वळल्या. "आम्ही पंधरवड्यानं पुन्हा येऊ. तोवर हे सगळं होतं तसं करता येईल?"

"म्हणजे बिघडवायचं?"

"हो. बिघडवायचं."

आप्पांच्या कारकिर्दीत असा हुकूम कुणी दिला नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले, आणि या वेळी सूनबाई शेजारी स्टूल टाकून बसली. फळीच्या पट्ट्या निघाल्या. आप्पांनी खरवडून कुंड्यांत टाकलेले गोटे वेचून परत चिकटवले गेले. कड्यांचं तेल पुसताना आप्पांना कडीगणिक विचारावं लागे, "एवढी जाम पुरे?" आणि ती म्हणे, "अजून थोडी." आरसा खाली आणल्यावर उंची बरोबर आहे का, हे बघायला आप्पा स्वतः पोटावर झोपले. आरशात त्यांना त्यांचंच तोंड दिसलं, आणि थोड्या वेळानं त्याच्या शेजारी गोट्याचं. गोट्यानं आधी आरशातल्या गोट्याच्या हातावर हात ठेवला, मग आप्पांच्या गालावर. आप्पा नको तितका वेळ तसेच पडून राहिले.

फाटकानं मात्र नाकी नऊ आणले. बिजागऱ्या साबणानं धुतल्या, पाणी मारलं, मिठाचं पाणी मारलं, तरी ते मख्खासारखं गप्प. आपलं काम इतकं चांगलं असायला नको होतं, असं आप्पांना जन्मात पहिल्यांदा वाटलं. शेवटी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळी सहज धक्का दिला तर फाटक क्षीण आवाजात "कुर्र" म्हणालं, आणि नातीनं पहिला शब्द उच्चारल्यासारखे आप्पा माईंना हाका मारत सुटले.

पाहुणे आले, डुलले, अडखळले, कड्यांशी झटापट करून हरले. साहेबांनी या वेळी मोजे घातलेच नव्हते. केंद्र राहिलं. सूनबाई घरी येऊन इतकं बोलली, की माईंना कुकरचा सुस्कारासुद्धा ऐकू आला नाही आणि भात करपला. सगळ्यांनी तो तसाच खाल्ला.

फक्त जाता जाता चष्मेवाल्या बाईंनी एक अट घातली होती. "तुमच्याकडे मुलांसाठी आहे, आईबापांसाठी आहे. आजी-आजोबांसाठी काही नाही का?"

"नाही अजून," सूनबाई म्हणाली.

"सुरू करा. गरज दिसते आहे."

त्या वर्गाचे पहिले विद्यार्थी अर्थातच आप्पा. पहिला विषय होता, 'मुलांना त्यांचं त्यांना करू द्या.' सगळे आजी-आजोबा मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे कानाशी घेऊन बसले. आप्पांच्या वाट्याला आलेली खुर्ची डुगडुगत होती. त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मग त्यांनी स्वतःला आवरलं. ही मुद्दाम अशी ठेवलेली असणार. तोल येण्यासाठी असेल, पाठीच्या मणक्यासाठी असेल. आपण शहाणे झालो आहोत. तास संपेपर्यंत ते त्या खुर्चीवर दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखे श्वास धरून बसले, आणि सगळे उठल्यावर सुनेजवळ गेले.

"खुर्ची छान आहे," ते जाणत्याच्या थाटात म्हणाले. "ही डुगडुगती कशासाठी ठेवलीय? पायांत जोर यावा म्हणून?"

"कुठली? ती होय," सूनबाई म्हणाली. "ती मोडलीय हो, आप्पा. आठवडा झाला. कुणीतरी दुरुस्त करायला हवी."

आप्पांनी खुर्ची पुन्हा एकदा हलवून पाहिली. "नक्की?"

"नक्की."

"पुन्हा एकदा विचार कर."

मागून माई आल्या. सकाळीच आप्पांच्या खिशातून काढून घेतलेला स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी पिशवीतून काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"फक्त खुर्ची हं," माई म्हणाल्या.